फायटरची पिल्लं जगवायची कशी: अंडी फुटल्यापासून पहिले दोन महिने

मुंबईच्या हवेत फायटर माशाची अंडी मिळवणं फारसं अवघड नाही. नर-मादी तयार असली आणि पाणी २७-२८ अंशांवर असलं की नर फेसाचं घरटं बांधतो आणि एका दुपारीत शंभर ते चारशे अंडी त्यात जाऊन बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकीभर बारीक सुया हलताना दिसतात. दहाव्या दिवशी त्यातल्या चार-पाचच उरलेल्या असतात. रोग आला असेल, पाणी खराब झालं असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा पिल्लं उपाशी मेलेली असतात. त्यांच्या तोंडात मावेल असं हलतं, जिवंत खाणं नेमक्या त्या दोन दिवसांत घरात तयार नसतं.

म्हणून जोडी लावायची तारीख खाण्याच्या तयारीवरून ठरवा. या लेखात जोडी जुळवण्याबद्दल फारसं काही नाही. अंडी फुटली की पुढे काय करायचं आणि त्यासाठी आधी काय करून ठेवायचं, एवढंच आहे.

जोडी लावण्याआधीचे दहा दिवस

पहिल्या दिवशी दोन गोष्टी सुरू करा: इन्फ्युसोरिया आणि मायक्रोवर्म.

इन्फ्युसोरिया म्हणजे साध्या डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले सूक्ष्म जीव. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत चालू टाकीतलं जुनं पाणी एक लिटर घ्या. त्यात तळहाताएवढं कोबीचं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार करून टाका. वाळलेल्या केळीच्या सालीचा दोन इंची तुकडाही चालतो. बरणीच्या तोंडावर पातळ कापड बांधा आणि उजेड येईल पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी ठेवा. दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं आणि वास मारतं. हे जिवाणू आहेत. अजून पिल्लांना घालायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी निवळू लागतं, वास मातीसारखा होतो आणि बरणी उजेडासमोर धरली की धुळीसारखे ठिपके स्वतःहून फिरताना दिसतात. आता ते वापरण्याजोगं झालं. दर तीन दिवसांनी एक नवी बरणी लावत जा, कारण एक बरणी आठवडाभरच जोरात चालते. पान जास्त टाकलं तर पाणी सडतं आणि निवळतच नाही. अशी बरणी फेकून द्यायची, वाट बघण्यात अर्थ नाही.

मायक्रोवर्मला विरजण लागतं, म्हणजे कुणाच्या तरी चालू डब्यातले थोडे जिवंत किडे. फायटर पाळणाऱ्या कुणाकडूनही चमचाभर मिळतं, कुर्ल्याच्या मासे बाजारात विचारलं तर बऱ्याचदा तिथेही मिळतं. चपटा प्लास्टिकचा डबा घ्या. अर्धी वाटी ओट्स किंवा कणीक पाण्यात शिजवून घट्ट पिठल्याएवढं करा आणि डब्यात एक सेंटिमीटर जाडीचा थर द्या. पूर्ण गार झाल्यावर वर चिमूटभर कोरडं यीस्ट भुरभुरा आणि मधोमध विरजण ठेवा. झाकणाला सुईनं सात-आठ भोकं पाडून आतून कापड चिकटवा, नाहीतर दोन दिवसांत चिलटं घुसतात. डबा पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा, गुळाचा डबा मुंग्यांपासून वाचवायला ठेवतो तसा. तीन ते पाच दिवसांत पांढरे धाग्यासारखे किडे डब्याच्या भिंतींवर चढू लागतात. ते बोटानं किंवा कापसाच्या काडीनं पुसून घ्यायचे, लापशी उचलायची नाही. आपल्याकडच्या उकाड्यात एक डबा दोन आठवड्यांत पातळ होऊन आंबतो, त्यामुळे नेहमी दोन डबे आठवड्याच्या अंतरानं चालवा.

व्हिनेगर ईल, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक किडे, हा तिसरा पर्याय. निम्मं सफरचंदाचं व्हिनेगर, निम्मं पाणी, सफरचंदाची एक फोड आणि विरजण, एवढ्यावर ते महिनोन्‌महिने टिकतात. वाढायला मात्र महिना लागतो, म्हणून पहिल्याच खेपेला त्यावर भिस्त ठेवू नका.

सातव्या-आठव्या दिवशी आर्टेमियाची अंडी एकदा फोडून बघा. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातीचा बारीक जीव, त्याची वाळलेली अंडी पाकिटात मिळतात. पिल्लं आल्यावर कळलं की पाकीट मेलेलं आहे, तर तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. आर्टेमिया फोडायची कृती पुढे आहे.

टाकी आणि पाणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी घ्या आणि पाणी फक्त १५ सेंटिमीटर भरा. हे साधारण २७ लिटर होतं. उंच पाणी नको, कारण नुकतं फुटलेलं पिल्लू घरट्यातून खाली पडतं आणि बापाला ते उचलून परत आणायचं असतं. तळाला वाळू, गोटे काही नको. उरलेलं अन्न दिसलं पाहिजे आणि नळीनं ओढता आलं पाहिजे.

महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांमधून येतं. ते मऊ असतं, क्षार कमी असतात. फायटरला असं पाणी मानवतं. अडचण क्लोरिनची आहे. पाणी बादलीत काढून एअर स्टोन लावून २४ तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरिन बाटलीवर लिहिलेल्या मापानं घाला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास जास्त येत असेल तर दोन्ही करा. आणि एक गोष्ट सोसायटीच्या नोटीस बोर्डावर बघत जा: टाकी धुण्याची तारीख. गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतल्यानंतरचे दोन दिवस नळाचं पाणी पिल्लांना वापरू नका, आधीच दोन बादल्या भरून ठेवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते जड असतं. चालू पाण्यातून थेट त्यात बदल केला तर पिल्लं त्याच रात्री तळाला बसतात.

रस्त्याकडेला आणि शाळांच्या आवारात सगळीकडे देशी बदामाची झाडं आहेत. त्याचं आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान टाकीत घालावं. हिरवं किंवा अर्धवट लाल पान नको, ते सडतं. वाहत्या रस्त्यावरचं काजळी बसलेलंही नको. पान नीट धुऊन, गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून, या टाकीला दोन मध्यम पानं पुरतात. पाणी फिक्या चहासारखं होतं. पानातल्या टॅनिनमुळे बुरशी कमी धरते आणि पानावर जी बुळबुळीत साय चढते तिच्यात सूक्ष्म जीव वाढतात. पिल्लं पहिले दिवस त्या पानाभोवतीच चरताना दिसतील.

चालू टाकीत महिनाभर फिरलेला स्पंज फिल्टर इथे आणून ठेवा. नवा कोरडा स्पंज फक्त पाणी ढवळतो, घाण पचवणारे जिवाणू त्यात नसतात. अंडी असताना हवा बंद, पिल्लं आडवी पोहू लागली की व्हॉल्व्ह पिळून सेकंदाला एक-दोन बुडबुडे एवढीच हवा. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जाताना दिसली तर हवा जास्त आहे.

तापमान २७ ते २९. मुंबईत वर्षातले आठ-नऊ महिने हीटर लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि एसीच्या खोलीत मात्र २५-५० वॉटचा हीटर हवाच. रात्रभर एसी आणि दिवसभर उकाडा ही वर-खाली होणारी टाकी सर्वांत वाईट. त्यापेक्षा टाकी सरळ स्वयंपाकघरात किंवा पॅसेजमध्ये हलवा.

अंडी फुटली: हात लावू नका

अंडी दिल्यावर मादी लगेच बाहेर काढायची. अंडी २४ ते ४८ तासांत फुटतात. मे महिन्यात पाणी ३१ ला गेलं की लवकर, जानेवारीत उशिरा. फुटलेलं पिल्लू जेमतेम तीन मिलिमीटरचं असतं, शेपटी खाली करून घरट्याला लटकतं. पोटात बलकाची पिशवी असते आणि तीच त्याचं जेवण. या काळात टाकीत काहीही घालायचं नाही. अन्न घातलं तर ते तळाला सडतं आणि त्या सडक्या थरावर पडलेलं पिल्लू उठत नाही.

बाप काम करत असतो. पडलेली पिल्लं तोंडात घेऊन घरट्यात थुंकतो. ते बघून तो पिल्लं खातोय असं वाटतं आणि घाबरून लोक त्याला काढतात. काढू नका. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावा, लहान मुलांना लांब ठेवा, रात्री एक मंद दिवा चालू ठेवा म्हणजे त्याला पिल्लं दिसतात. नर पहिल्यांदाच बाप झाला असेल तर कधी कधी सगळं घरटं खाऊन टाकतो. त्याच नराची दुसरी किंवा तिसरी खेप बहुधा नीट जाते.

फुटल्यापासून तीन दिवसांनी, थंडीत चार-पाच दिवसांनी, पिल्लं आडवी होतात आणि स्वतः पुढे सरकतात. निम्म्याहून जास्त पिल्लं आडवी झाली की बापाला बाहेर काढा. जाळी वापरू नका, जाळीबरोबर वीस पिल्लंही येतात. पेला तिरपा करून पाण्याखाली धरला की तो आपोआप आत येतो.

पहिलं खाणं

आडवं पोहू लागलेल्या पिल्लाला अन्नाशिवाय राहायला फार तर एक-दीड दिवस मिळतो. त्या दिवसापासून सकाळी सात ते रात्री नऊ दिवा चालू ठेवा. पिल्लं बघून खातात, काळोखात त्यांना काही सापडत नाही.

पहिले दोन-तीन दिवस मुख्य खाणं इन्फ्युसोरिया. बरणीच्या मधल्या भागातलं पाणी मोठ्या सिरिंजनं ओढा, तळाचा गाळ आणि वरची साय नको. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी ५० मिली, टाकीच्या चार कोपऱ्यांत थोडं थोडं सोडा. शंभर-दीडशे पिल्लांना एवढं पुरतं. त्याच दिवशी संध्याकाळी मायक्रोवर्म द्यायला सुरुवात करा: कापसाच्या काडीवर आलेले किडे अर्ध्या वाटी पाण्यात ढवळा, दोन मिनिटं थांबा, वरचं पिठूळ पाणी ओता आणि तळाशी राहिलेले किडे ड्रॉपरनं टाकीत सोडा. न धुता टाकले तर लापशी आणि यीस्ट पाण्यात जातं आणि पाणी पांढरं होतं.

मायक्रोवर्म तळाला जाऊन पडतात आणि तिथे काही तास वळवळत राहतात. पिल्लं खाली उतरून त्यांना टिपतात. हे चांगलंही आहे आणि वाईटही. खाणं बराच वेळ उपलब्ध राहतं, पण जास्त झालं तर मेलेल्या किड्यांचा थर तळाला साचतो. मायक्रोवर्मवर पिल्लं जगतात, पण वाढतात हळू. हे किडे सुरुवातीचा आठवडा पार पाडण्यासाठी आहेत. त्यांच्यावरच महिना काढू नका.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून पिळून घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. आमचं स्पष्ट मत आहे की नवख्यानं तो वापरू नये. ज्वारीच्या दाण्याएवढा बलक २७ लिटर पाणी संध्याकाळपर्यंत गढूळ करतो, पिल्लं हलत नसलेल्या त्या कणांकडे ढुंकून बघत नाहीत आणि सकाळी अमोनियानं मेलेली सापडतात. बाजारातली पिल्लांसाठीची पावडरही पहिल्या दोन आठवड्यांत याच कारणासाठी नको.

आर्टेमिया

पिल्लं आडवी झाल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आर्टेमिया सुरू करा. ताजा फुटलेला आर्टेमिया अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. काही पिल्लं पहिल्याच दिवशी तो गिळतात, काहींच्या तोंडात तो मावत नाही. म्हणून इन्फ्युसोरिया लगेच बंद करू नका, दोन्ही आठवडाभर बरोबर चालू द्या.

फोडायची कृती अशी. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा आणि झाकण घट्ट लावून उलटी टांगा. नळाचं क्लोरिन उडालेलं पाणी पाऊण लिटर घाला. त्यात २० ग्रॅम खडेमीठ विरघळवा. वजनाचा काटा असेल तर मापून घ्या, चमच्यानं अंदाज चुकतो. आता मुंबईकरांनी विसरू नये अशी गोष्ट: पाव चमचा खायचा सोडा. आपलं पाणी मऊ असल्यानं त्यात सामू (पीएच) टिकवून धरणारे क्षार नसतात, आणि आर्टेमियाला सामू आठच्या वर लागतो. पाकिटावर चांगली कंपनी, तारीख ताजी, तरी निम्मी अंडीही फुटत नाहीत, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा सोडा घालून बघा.

अंडी पाव चहाचा चमचा. एअर पंपाची नळी बाटलीच्या अगदी तळापर्यंत, एअर स्टोन न लावता. अंडी कुठे साचून न राहता सतत उकळल्यासारखी फिरली पाहिजेत. वर दिवा लावा. पाणी २७-२८ असेल तर २४ तासांत, थंडीत ३६ तासांत पाणी केशरी दिसू लागतं.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, मधे केशरी ढग राहतो. बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरली की आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतो. बारीक नळी त्या ढगात घालून ओढून घ्या. आधीचे दोन चमचे पाणी न फुटलेल्या अंड्यांचं असतं, ते टाकून द्या. उरलेलं जुन्या सुती पंचाच्या दुहेरी कापडातून गाळा आणि गोड्या पाण्यानं हलकेच धुवा. चहाच्या गाळणीतून आर्टेमिया सरळ आरपार जातो. टरफलं टाकीत गेली तर पिल्लं ती गिळतात आणि ती पचत नाहीत. थोडी गेली तर घाबरू नका, पण सवय लावू नका.

घाई एका कारणासाठी करायची: फुटल्यापासून सहा-आठ तासांत आर्टेमिया आपल्या पोटातला साठा संपवायला लागतो आणि पिल्लांच्या दृष्टीनं निकस होतो. सकाळी काढलेला सकाळीच घाला. उरलेला धुऊन मिठाच्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवला तर संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतो. दोन बाटल्या बारा तासांच्या अंतरानं लावल्या की सकाळ-संध्याकाळ ताजा मिळतो.

किती द्यायचा? शंभर-दीडशे पिल्लांना पहिल्या आठवड्यात वरच्या मापाची एक बाटली दिवसाला पुरते, तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुप्पट लागते. माप पिल्लांच्या पोटावर आहे. खाल्ल्यानंतर पंधरा मिनिटांनी भिंगातून बघा: पोट केशरी आणि गोल हवं. तासाभरानंतरही टाकीत केशरी ठिपके फिरत असतील तर जास्त घातलंत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, नंतर मरून तळाला जातो.

पाकीट कसं ठेवता यावरही बरंच अवलंबून आहे. आर्टेमियाची अंडी हवेतला ओलावा शोषतात, आणि जूनपासून आपल्या हवेत ओलावाच ओलावा. पाकीट उघडल्या दिवशीच अंडी लहान-लहान घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरा, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी टाका आणि फ्रीजमध्ये ठेवा. वापरातली एकच बाटली बाहेर काढा आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

सफाई

पहिले चार-पाच दिवस पाणी बदलू नका. आर्टेमिया सुरू झाला की रोज तळ साफ करायचा. एअर पंपाची पारदर्शक नळी घ्या, टोकाला बॉलपेनची रिकामी नळी खोचा म्हणजे बोटानं दिशा देता येते. दुसरं टोक पांढऱ्या बादलीत सोडा. पांढरी अशासाठी की ओढली गेलेली पिल्लं दिसतात. दहा-वीस येणारच. बादली तासभर तशीच ठेवा, गाळ बसला की चमच्यानं पिल्लं उचलून परत सोडा.

जेवढं काढलं तेवढंच परत, म्हणजे रोज अडीच-तीन लिटर. पाणी टाकीच्याच तापमानाचं, क्लोरिन उडालेलं. ते ओतायचं नाही. औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणा. बादली वर ठेवून सेटच्या चाकानं अगदी बारीक धारेनं सोडलं की तीन लिटर पाणी दीड-दोन तासांत जातं आणि पिल्लांना कळतही नाही. एकदम भसकन ओतलेल्या पाण्यानं मरणारी पिल्लं उपाशी मरणाऱ्यांच्या खालोखाल असतील.

अमोनियाची किट असेल तर आठवड्यातून दोनदा तपासा. शून्याच्या वर काहीही दिसलं तर त्या दिवशी खाणं निम्मं आणि पाणी दोनदा. बारीक गोगलगायी पाच-सहा सोडल्या तर मेलेला आर्टेमिया त्या खाऊन टाकतात, पण अंडी असताना त्या टाकीत नकोत.

झाकण

फायटर हवेतूनही श्वास घेतो. त्यासाठीचा कल्ल्यांवरचा अवयव, लॅबिरिंथ, पिल्लात जन्मतः नसतो. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे तो तयार होतो आणि पिल्लं एकेक करून पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ लागतात. त्या काळात पाण्यावरची हवा उबदार आणि दमट लागते. काचेचं झाकण किंवा क्लिंग फिल्म पूर्ण लावा, एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवा. पाण्यावर तेलकट साय आली असेल तर टिशू पेपर आडवा टेकवून उचला, नाहीतर पिल्लांना हवा घेता येत नाही. झाकण टाकीत अगरबत्तीची राख आणि डासांच्या कॉइलचा धूर जाण्यापासूनही वाचवतं. डास मारण्याचे स्प्रे तर त्या खोलीत मारूच नका.

काय बिघडतं

पिल्लं पोट टेकून तळावर घसरतात, वर येऊ शकत नाहीत. पोट फार फुगलेलं असेल तर अति आर्टेमिया. एक दिवस खाणं थांबवा, मग थोडं थोडं द्या. अशी काही पिल्लं सुधारतात, काही कायमची तशीच राहतात.

पिल्लं एकाच रात्रीत मेली आणि पाणी धुरकट आहे: अन्न सडलं. जी हलत आहेत ती कपानं उचलून तयार पाण्यात हलवा. त्यात निम्मं जुनं पाणी मिसळा, पूर्ण नव्यात टाकू नका.

पर आवळलेले, अंग पाण्यातल्या वस्तूंवर घासणं, आणि टॉर्च तिरपी धरली की अंगावर सोनेरी पिठासारखं दिसणं: हा व्हेल्व्हेट, एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग. पिल्लांची खेपच्या खेप यानं जाते. लिटरला एक ग्रॅम मीठ आधी वेगळं विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. टाकीवर जाड कापड टाकून काळोख करा, फक्त खायला घालताना अर्धा तास उघडा. हा परजीवी उजेडावर वाढतो. तांबं असलेली औषधं एवढ्या पिल्लांना झेपत नाहीत.

काचेवर पांढरी, हात पसरलेली इंचाच्या पावभागाएवढी काडी दिसली तर तो हायड्रा. आर्टेमिया सुरू झाला की तो झपाट्यानं वाढतो आणि लहान पिल्लं पकडतो. तो येतो बाहेरून आणलेल्या वनस्पतींबरोबर. चतुराची अळीही तिथूनच येते, आणि एक अळी रात्रीत डझनभर पिल्लं संपवते. तलावातली जलपर्णी किंवा शेवाळ पिल्लांच्या टाकीत थेट घालू नका. घालायचंच असेल तर वेगळ्या टबात तीन आठवडे ठेवून बघा.

तीन आठवड्यांनंतर

पिल्लं एक सेंटिमीटरची झाली की मोइना, म्हणजे बारीक पाणपिसू, द्यायला सर्वांत चांगली. ती गोड्या पाण्यातली, उरली तरी जिवंत राहते, आणि आपला उकाडा तिला मानवतो. वीस लिटरच्या टबात शेवाळानं हिरवं झालेलं पाणी, चार दिवसांनी चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून, पाणी किंचित धूसर होईल एवढंच. टबावर मच्छरदाणीचं कापड इलॅस्टिकनं घट्ट लावा. हे ऐच्छिक नाही. उघड्या टबात डास अंडी घालतात, डेंग्यूचा डास तर स्वच्छ साठलेल्या पाण्यातच, आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात पिंपं तपासायला येतात, अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते. माशांना खायला म्हणून बाल्कनीत डासांच्या अळ्या वाढवणं शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे.

जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक लाल किडे, घाण पाण्यातून येतात. ते पिल्लांना नको. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) बारीक चिरून पाचव्या आठवड्यापासून द्या. दाणेदार खाण्याची सवय चौथ्या आठवड्यापासून लावा: आर्टेमियाच्या आधी, भूक असताना, बोटांत चुरलेले चार कण.

चौथ्या आठवड्यात पाण्याची पातळी पूर्ण वाढवा आणि पिल्लं आकारानं वेगळी करा. मोठी पिल्लं लहानांच्या शेपट्या खातात, आणि एकदा लहान राहिलेलं पिल्लू मोठ्यांमध्ये कधीच भरून येत नाही. दीडशे पिल्लांना २७ लिटर आता अपुरे आहेत. किमान दोन टाक्या किंवा एक मोठा टब लागतो.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात काही पिल्लं गालफडं फुगवून एकमेकांवर धावतात. हे बहुतेक नर. पहिल्यांदा गालफडं फुगवणारं पिल्लू दिसलं त्याच दिवशी बाटल्या धुऊन ठेवायला घ्या. एकेकाला कमीत कमी दोन लिटरची बरणी, अर्ध्या बदामाच्या पानासकट, दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा. बरणीतलं पाणी दर दोन दिवसांनी अर्धं बदला. माद्या एकत्र राहू शकतात, पण त्यांच्यावरही लक्ष ठेवा.

साठ नर म्हणजे साठ बरण्या आणि रोज तीसेक बरण्यांचं पाणी. एवढी जागा आणि वेळ नसेल तर अंडी असतानाच थोडीच ठेवा, किंवा पिल्लं घ्यायला तयार असलेले चार-पाच जण आधी शोधा. जास्तीची पिल्लं पवई तलावात, विहिरीत किंवा नाल्यात सोडू नका. घेणारा पुढे आला की मासे संध्याकाळी द्या. दोन-तृतीयांश हवा आणि एक-तृतीयांश पाणी असलेल्या पिशवीत, त्या दिवशी सकाळपासून उपाशी ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून. लोकलच्या गर्दीत ती पिशवी थर्माकोलच्या डब्यात असू द्या.